तेरावी डबी

टेबलावर डब्या होत्या बारा आणि यंत्र म्हणत होते, सतरा.

लहरी सरांनी चष्मा पुसला. डब्या बोट लावून मोजल्या, मग उलट्या बाजूने मोजल्या. दोन्हीकडून बाराच भरल्या. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, आणि संशोधनात बुद्धी थांबली की सगळेच करतात तसे त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली. यंत्राने जरा वेळ घेतला आणि ते सतरावर ठाम राहिले.

‘लहरी’ हे नाव आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. बिनतारी लहरींवर आयुष्य काढलेल्या आणि शिकवता शिकवता मध्येच खिडकीशी जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांनी ते बहाल केले होते. खरे नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर उरले होते, आणि पाटी वाचायला कुणी येत नव्हते.

त्यांचा सिद्धांत सांगायला सोपा होता. एका खोलीत सगळे एकदम बोलू लागले तर कुणाचेच धड कळत नाही. म्हणून बिनतारी जाळी बोलणाऱ्यांना रांगेत उभे करतात. आधी तू, मग तू. सरांचे म्हणणे, रांग हवीच कशाला? ज्याला बोलायचे त्याने परवानगी न मागता बोलावे, थोडक्यात बोलावे आणि गप्प बसावे. किती जण बोलले आणि कोण काय बोलले हे वेगळे करण्याची अक्कल ऐकणाऱ्याकडे हवी. टेबलावरच्या बारा डब्या मनाला येईल तेव्हा ‘मी आहे’ एवढेच बोलत. आणि नुकतेच पुरे झालेले ते यंत्र वायफायसारख्या अखंड बडबड करणाऱ्यांकडे काणाडोळा करून थोडके बोलणाऱ्यांना तेवढे मोजत असे.

“शंभर यंत्रं एकदम बोलली तरी तुम्हाला कळतं,” त्यांची बायको म्हणायची, “आणि मी एकटी बोलते ते काही कळत नाही.” ती गेल्यापासून घरात कुणी एकदम बोलण्याचा प्रश्न मिटला होता. तसे एकेकटेही कुणी बोलत नसे.

लेक होती, पण ती समुद्रापलीकडे नोकरीला. पूर्वी तिचा रोज फोन यायचा. “जेवलात?” “जेवलो.” “बरे आहात ना?” “बरा आहे.” एकदा सरांनी तिला शास्त्र समजावून सांगितले. “हे बघ, उत्तर आधीच माहीत असेल तर निरोपात माहिती किती? शून्य. त्या हिशेबानं तुझे सगळे फोन शून्य भरतात.” हे आपण गमतीने म्हणालो, असे सरांचे आजही मत होते. लेक “बरं,” म्हणाली, आणि तेव्हापासून फोन फक्त रविवारी येऊ लागला. शास्त्राला धरूनच होते ते. पण संध्याकाळी एकच ताट धुऊन झाले की सर आपल्या जुन्या, बटणांच्या फोनकडे बघत बसत, आणि फोनही शास्त्राला धरून गप्प बसे.

गेल्या खेपेला आली तेव्हा ती त्यांच्या पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून देऊन गेली होती. शिवण जरा जाडजूड झाली होती, खांद्याला टोचत असे. तरी पिशवी सरांच्या खांद्यावरून उतरत नसे. जेवणाचा डबा, छत्री आणि कधी लागतील कोण जाणे म्हणून ठेवलेल्या वायरी असा संसार तिच्यात होता. त्यांना पिशवीशिवाय पाहिलेला माणूस विभागात शोधून सापडला नसता.

तर आकडा सतरा होता, आणि सरांचे काम तपासणारी समिती येणार होती सोमवारी. विभागप्रमुखांना सरांची खोली खुर्च्या ठेवायला हवी होती. प्रमुख एकेकाळी सरांचेच विद्यार्थी, त्यामुळे त्यांनी ते फार आदराने सांगितले होते. “सर, समितीसमोर बारा डब्यांचे बारा दाखवा, खोली तुमची. नाही जमलं तर... तुम्ही आता विश्रांती घ्यायला हवी, सर.” विश्रांती म्हणजे घर. घरी बसणे म्हणजे काय असते हे सरांना पक्के ठाऊक होते आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

पाच जास्तीचे कोण, हे शोधणे आले. सर पहिल्यांदा शेजारच्या खोलीत ऑफिसच्या बाईंकडे गेले.

“बाई, तुमच्याकडे बिनतारी काय आहे?”

“माऊस आहे, सर. बिनवायरचा. का, काय झालं?”

“जरा बंद करा बघू.”

बाईंनी माऊस बंद केला आणि यंत्रावर सोळा आला. सरांना बऱ्याच दिवसांनी आनंद झाला.

“सापडला! बाई, सोमवारपर्यंत हा बंद ठेवायचा.”

“मग काम काय कपाळानं करू?”

“तुम्ही खालच्या मजल्यावर बसता का?”

बाई माऊस, फायली आणि विजेची किटली घेऊन खाली गेल्या. ही किटली म्हणजे त्या मजल्याची चावडी होती. रोज दुपारी तिच्याभोवती चार माणसे जमत आणि बाई हाक मारत, “सर, चहा!” सर कप घेत, “चालू द्या, चालू द्या,” म्हणत आणि आपल्या खोलीत जाऊन पीत. ते तिथे कधी बसले नव्हते. तरी हाक रोज येत असे.

पुढचा नंबर समोरच्या खोलीतल्या गणितवाल्यांचा. त्यांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ होते, आणि दुपारपर्यंत आकडा कमी भरला की ते खुर्चीत बसल्या बसल्या हात हलवून तो वाढवत. घड्याळ काढले, पंधरा झाले. मग झाडूवाल्या मावशी. त्यांच्या दोन्ही कानांत गाणी ऐकायची दोन बोंडे होती आणि यंत्राने ती इमानदारीत दोन मोजली होती.

“गाण्याशिवाय झाडू हातात धरवत नाही हो मला,” मावशी म्हणाल्या.

“सोमवारपर्यंत झाडूच नका,” सर म्हणाले.

“वा! असा साहेब सगळ्यांना मिळो,” म्हणून मावशीही गेल्या. आकडा तेरावर आला, आणि तिथे जो बसला तो हलेना.

सरांनी यंत्र हातात घेतले, पिशवी खांद्यावर सरळ केली आणि तेराव्याच्या शोधात मजला पालथा घालायला निघाले. हे यंत्र नुसते मोजत नसे, आवाज किती जवळून येतो तेही काट्याने दाखवत असे. गणितवाल्यांच्या खोलीत काटा एकदम टोकाला गेला.

“तुमच्याकडे अजून काहीतरी आहे,” सर म्हणाले.

“काय असणार? घड्याळ तर तुम्ही उतरवलंत.”

“यंत्र सांगतंय. अगदी जवळ, हातभर अंतरावर आहे.”

“म्हणजे यंत्र खरं आणि मी खोटा?” गणितवाल्यांनी खिसे उलटे केले. दोन खडू, चार पेपरमिंट आणि एक सुटे बटण निघाले. “घ्या झडती! इतकी वर्षं समोरासमोर बसतोय आपण, आणि माझ्यावर संशय?”

“संशय नाही हो. मोजमाप आहे.”

“मग मोजत बसा!” गणितवाल्यांनी पुस्तके काखोटीला मारली आणि तेही खाली गेले. रोज दुपारी ते दार ढकलून “आज किती झाली सांगा बरं?” असे आपल्या पावलांबद्दल विचारत आणि सरांना त्याचा फार वैताग येत असे. त्या दुपारी दार कुणी ढकलले नाही. सरांनी दोनदा उठून, दाराला चुकून कडी तर लागली नाही ना, हे पाहिले.

तेरावा मात्र गेला नाही. झाडू ठेवायच्या फडताळात काटा टोकाला, जिन्यात टोकाला, गच्चीवर टोकाला. सरांचे अनुमान तर्कशुद्ध होते. आवाज जर सगळीकडे सारख्याच जवळून येत असेल, तर सगळी इमारतच बोलत असली पाहिजे.

त्यांनी प्रमुखांकडे आपल्या मजल्याची वीज, वायफाय आणि लिफ्ट सोमवारपर्यंत बंद ठेवण्याची मागणी केली. यंत्र बॅटरीवर चालत होते, त्यामुळे त्यांची अडचण नव्हती.

“सर, समितीतली माणसं वयस्कर आहेत. चौथा मजला आहे.”

“शास्त्रासाठी चार जिने चढतील.”

प्रमुखांनी मान डोलावली. खोली आता आपलीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला गेला. वर जाणाऱ्याने फोन, घड्याळ, जे असेल ते त्यात टाकायचे. उदाहरण घालून द्यावे म्हणून सरांनी आपला बटणांचा फोन सर्वांत आधी बंद करून आत टाकला.

“फोन बंद, लिफ्ट बंद, त्यात तुमचा तेरावा,” बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. “दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.”

सर घरीही जाईनात. खोलीतल्या बाकावर पिशवी उशाला घेऊन ते पडत. मजला आता इतका शांत झाला की आपली पावले वाजली तरी ते दचकत. निरोपांची अशी निर्मळ वाहिनी त्यांना हयातीत मिळाली नव्हती; कुणी बोलत नव्हते, कुणी मध्येच दार ढकलत नव्हते, कुणी चहाला हाक मारत नव्हते. फक्त बारा डब्या ‘मी आहे, मी आहे’ म्हणत होत्या आणि एक कुणीतरी त्यांच्या बरोबरीने तेच म्हणत होते. रविवार कधी येऊन गेला ते सरांच्या लक्षातही आले नाही.

सोमवारी समिती धापा टाकत वर आली. अध्यक्ष म्हातारे होते आणि पहारेकरी कर्तव्यदक्ष. त्याने त्यांचे कानातले श्रवणयंत्रही बिनतारी म्हणून डब्यात जमा करून घेतले होते. त्यामुळे अध्यक्षांना त्या दिवशीचा एक शब्दही ऐकू येणार नव्हता. दुसऱ्या सभासद तज्ज्ञ बाई होत्या. त्या याच विषयातल्या होत्या आणि कमी बोलत. प्रमुख आधीच येऊन खोलीत खुर्च्या किती मावतील याचा डोळ्यांनी अंदाज घेत होते. आणि तमाशा फुकट असला की कोण सोडतो, म्हणून गणितवाले, ऑफिसच्या बाई आणि मावशी दारात उभ्या होत्या.

सरांनी बारा डब्या चालू केल्या. यंत्रावर आकडा उमटला, तेरा.

“किती म्हणतोय?” अध्यक्ष ओरडले.

“तेरा,” प्रमुख शक्य तितक्या दुःखाने म्हणाले.

सर पुढे झाले. “एक मिनिट. एकेक बंद करून दाखवतो.” त्यांनी पहिली डबी बंद केली, बारा झाले. दुसरी बंद केली, अकरा झाले. यंत्र एकही चुकत नव्हते. शेवटची डबी बंद करून त्यांनी हात मागे घेतला. सगळ्या खोलीने वाकून पाहिले. यंत्रावर एक होता.

“म्हणजे अजून कोणीतरी बोलतंय,” तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

“कोण बोलतंय? मोठ्यानं बोला!” अध्यक्ष म्हणाले.

सर दाराकडे वळले. “मेन स्विच... कुणी चालू केला असेल. बघून येतो.” ते तरातरा बाहेर गेले आणि लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला पोचले. इतक्यात ऑफिसच्या बाई ओरडल्या, “सर, गेलं! शून्य झालं!”

सर धावत आत आले. यंत्रावर एक होता.

“आत्ता शून्य होतं, शप्पत!” बाई म्हणाल्या.

सर पुन्हा टोकाला गेले. “शून्य!” परत आले. “एक!” तिसऱ्या फेरीला गणितवाल्यांनी दाराच्या चौकटीवर हात मारला.

“अहो, तुम्हीच! तुम्हीच तेरावे! आणि माझे खिसे उलटे करायला लावलेत!”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” ऑफिसच्या बाई म्हणाल्या, आणि मावशींनी तोंडाला पदर लावला.

सर मटकन बाकावर बसले. खोलीतल्या प्रत्येकाला त्यांनी मोजले होते, फक्त स्वतःला मोजायचे राहिले होते. पिशवी टेबलावर रिकामी झाली. डबा, छत्री, वायरी एकेक करून बाहेर नेऊन पाहिल्या. यंत्रावरचा एक काही हलला नाही. शेवटी मावशी रिकामी पिशवी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि शून्य झाले. परत येता येता त्यांनी पट्टा चाचपला.

“शिवणीत काहीतरी आहे, सर. बटणासारखं.”

चार टाके उसवले आणि आतून एक गोल, पांढरी चकती निघाली. तज्ज्ञ बाईंनी ती तळहातावर घेतली.

“टॅग आहे. किल्ल्या, सामान हरवू नये म्हणून लावतात तो. स्वतः लांबवर ओरडायची ताकद नसते याच्यात. जवळून कुणाचा नवा फोन गेला की त्याच्या कानात सांगतो, मी इथं आहे. तो फोन पुढं निरोप पोचवतो.”

“कुणाला?” सरांनी विचारले. पण टाक्यांकडे बघताच त्यांना उत्तर कळले होते.

“ज्यानं लावला असेल त्याला.”

“आणि जवळून कुणी गेलंच नाही तर?”

“मग काय. हरवलं म्हणायचं.”

सर उठले आणि समितीची परवानगी न घेताच जिना उतरले. पहारेकऱ्याचा डबा उघडून त्यांनी फोन चालू केला. तो थरथरायला लागला तो थांबेचना. सगळे फोन एकाच नंबरावरून येऊन गेले होते. त्यांनी नंबर लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

“बाबा?”

“हो.”

“कुठं होतात तुम्ही? फोन बंद, ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही, घरी घंटा वाजतेय नुसती! तिकीट काढत होते मी आत्ता. बरे आहात ना? खरं सांगा.”

“बरा आहे. पट्ट्यात ते... तू शिवलंस?”



“रागावू नका. फोन केला तर तुम्ही शून्य म्हणता. म्हटलं, फोन नको, विचारायला नको. रोज सकाळी उठून बघायचं फक्त. आले विभागात, म्हणजे आहेत. एवढंच. कुणीतरी जवळून गेलं म्हणजे मला दिसायचं.” ती रडू लागली. “मग एकदम दिसेनासे झालात, बाबा. एवढ्या मोठ्या इमारतीत तुमच्या जवळून एक माणूस जाईना.”

सर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. नेहमी येणारा निरोप एक दिवस आला नाही, तर त्या न येण्यात माहिती किती? हा प्रश्न ते दरवर्षी परीक्षेत घालत आले होते, आणि त्याचे उत्तर फळ्यावर त्यांनी कितीदा तरी मांडले होते. त्या उत्तराने आपल्याला रडू येईल असे मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते.

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग ते म्हणाले, “जेवलीस?”

“काय?”

“जेवलीस का म्हणतो.”

“नाही,” लेक रडता रडता हसली. “कालपासून काही गेलं नाही घशाखाली.”

हे उत्तर सरांना आधी माहीत नव्हते. “आधी काहीतरी खाऊन घे,” ते म्हणाले. “मी संध्याकाळी फोन करतो. मी करतो.”

ते वर पोचेपर्यंत निकाल लागून गेला होता. मालकालाच ठाऊक नसलेला तेरावा या यंत्राने पहिल्या दिवसापासून दाखवला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, याहून जास्त काय सिद्ध करायचे, असे तज्ज्ञ बाईंनी प्रमुखांना ऐकवले होते. अध्यक्षांना काहीच ऐकू आले नव्हते. पण व्हरांड्यात धावून धावून इतके मन लावून काम करणारा शास्त्रज्ञ आपण प्रथमच पाहिला, असे त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केले. खोली सरांकडे राहिली. एका कोपऱ्यात खुर्च्या ठेवायच्या एवढी अट प्रमुखांनी आदरपूर्वक घातली. सरांनी ती ताबडतोब मान्य केली, आणि प्रमुख जरा चरकले.

मावशींनी टॅग पुन्हा पट्ट्यात घालून शिवून दिला. “या खेपेला मऊ शिवलाय, टोचायचा नाही,” त्या म्हणाल्या. सरांना तो थोडा टोचला असता तरी चालले असते.

दुसऱ्या दिवशी मजला पुन्हा नांदता झाला. माऊस आला, बोंडे आली, घड्याळ आले. सरांनी गणितवाल्यांच्या दारात जाऊन “आज किती झाली?” असे विचारले. त्यांनी आधी तोंड फिरवले, आणि मग न राहवून आकडा सांगितला. दुपारी किटली उकळली.

“सर, चहा!” ऑफिसच्या बाईंनी हाक मारली. “कप देते, घेऊन जा खोलीत.”

सर कप घेऊन दोन पावले गेले आणि परत फिरले.

“बाई, तुमचा फोन नवा आहे ना? चालू आहे?”

“आहे की. का, बंद करू?”

“नको, नको, असू द्या चालू,” सर म्हणाले. त्यांनी एक खुर्ची टेबलाशी ओढली आणि खांद्यावरची पिशवी काढून बाईंच्या फोनशेजारी नीट ठेवली. “मी जरा इथंच बसतो.”